फडआबा

फडआबांना भेटायचं असेल तर घरी जाऊन उपयोग नाही. ते नदीत आडवे पडलेले असतात. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि कान नदीच्या पात्रात, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम आणि आरमच्या पात्रात. डोकं एका काठाच्या खडकाला टेकलेलं, पाय दुसऱ्या काठाला रेटलेले, मधलं सगळं अंग दगड-चुन्याचं. पावसाळ्यात नदी अंगावरून धडधडत गेली तरी ते कूस बदलत नाहीत. पूर ओसरला की मात्र त्यांचा आग्रह सुरू होतो: पुढे जायचं तर खुशाल जा, पण जाण्याआधी बाजूच्या पाटात वळून गावाला भेटून जा. तीनचारशे वर्षं त्यांचं नदीशी हेच बोलणं चालू आहे.

तमाशाचा फड आणि कुस्तीचा फड ही मंडळी वेगळी. आपले आबा म्हणजे खानदेश-बागलाणची फड बागायत. नदीवर बंधारा घालायचा, अडलेलं पाणी पाटाने वळवायचं आणि त्या पाटाखालची सगळी जमीन गावाने मिळून, एका शिस्तीत भिजवायची. वर्णन एवढंच. एवढ्याशा वर्णनात बसणाऱ्या माणसाचे स्वभाव मात्र पुष्कळ असतात, तसे आबांचेही आहेत.

आधी त्यांचा देह नीट पाहून घ्या. बंधारा म्हणजे छाती. तिथून निघालेला पाट हा हात. कुठे तो दोन किलोमीटरांत आटोपतो, कुठे बारा किलोमीटर लांब जातो. जमिनीचा उतार जराही वाया न घालवता डोंगराच्या कडेकडेने, वळणं घेत तो चालतो. पाटाला चाऱ्या फुटतात, चाऱ्यांना सारंग फुटतात आणि सारंगातून पाणी वावरात उतरतं. जास्तीचं पाणी सांडव्याने पुन्हा नदीत. पंप नाही, विजेची तार नाही. पाणी स्वतःच्या पायांनी चालत जातं, आणि आबांना ह्याचा फार अभिमान आहे.

आबांच्या जन्माचा दाखला कोणाकडे नाही. वयाचा विषय निघाला की ते थोडे फुगतात. फारुकी सुलतानांनी 1382 ते 1601 पर्यंत खानदेशावर राज्य केलं; बंधाऱ्यांचं श्रेय लोकपरंपरा बहुतेक त्या काळातल्या मुसलमान राज्यकर्त्यांना देते. इंग्रजांच्या काळात खानदेशचं गॅझेटियर लिहिलं गेलं तेव्हा पश्चिमेकडच्या बारमाही नद्यांवर जागोजागी जुन्या बंधाऱ्यांच्या खुणा दिसत होत्या, आणि त्या बांधणाऱ्यांच्या कसबाचं कौतुक लिहिणाऱ्यालाही लपवता आलं नाही. कोण्या राजाने हुकूम दिला असेल, खजिन्यातून पैसाही दिला असेल. पण राजाने बंधारा बांधला म्हणून फड जन्माला आला, असं मला वाटत नाही. दगड रचले की बंधारा होतो. फड व्हायला त्या पाण्याभोवती माणसं बसावी लागतात.

ती का बसली असतील, हे नद्यांकडे पाहिलं की कळतं. ह्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात. तिकडे पाऊस मुसळधार. डोंगर उतरून पूर्वेला आल्या की मुलूख पर्जन्यछायेचा, काळ्या मातीचा आणि कोरड्या आभाळाचा. पावसाळा संपतो, नदी वाहत राहते, आणि काठावरचा शेतकरी तिच्याकडे बघत ज्वारी-बाजरी पिकवतो. मोटेच्या विहिरीवर एकट्याला एखाद-दोन एकर भिजवता येईल. नदी वळवणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. दगड वाहायला, पाट खणायला, दरवर्षी गाळ उपसायला सगळं गाव लागतं. आणि ज्याने दगड उचलला तो पाण्याचा वाटा मागणारच. आबांचा जन्म ह्या मागणीतून झाला. ज्या दिवशी पाट खणून झाला त्या दिवशी पहिला प्रश्न आला असणार, आधी कोणाचं वावर? त्या प्रश्नाचं जे उत्तर गावाने शोधलं त्याचं नाव फड. बंधाऱ्याला गवंडी पुरेसा होता, उत्तराला पंच लागले.

ह्या उत्तराची रीत अशी. पाटाखालच्या कायम बागायतीचे साधारण चार भाग पाडायचे. प्रत्येक भागही फडच म्हणवतो. लहान असेल तर दहा हेक्टरांचा, मोठा असेल तर दोनशेचा. एका फडात एका वर्षी एकच पीक. ह्या फडात ऊस ठरला की सगळ्यांचा ऊस. शेजारच्यात भात ठरला की सगळ्यांचा भात. गहू असेल तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गहू. पुढच्या वर्षी पिकं आपली जागा बदलतात. उसाने थकलेल्या जमिनीला हंगामी पिकाची विश्रांती मिळते, कधी फड पडीकही ठेवतात.

इथे आबांचा पहिला मोठा दुर्गुण दिसतो. ते हट्टी आहेत. एखाद्या होतकरू पोराने उसाच्या फडात मधेच अर्धा एकर कांदा लावायचं मनात आणलं तर आबा ऐकून घेत नाहीत. पोरगा म्हणतो, माझी जमीन आहे. आबा म्हणतात, असेल, पण पाणी सगळ्यांचं आहे. आणि त्यांचं म्हणणं नुसता अधिकार गाजवायचा म्हणून नसतं. उसाला दर आठ-दहा दिवसांनी पाणी हवं. मधल्या पट्ट्यात कमी पाण्याचं पीक असलं तर शेजारच्या उसाचं पाझरून ते सडणार, आणि त्याला वाचवायचं म्हणून पाळी मोडली तर पुढच्या सगळ्यांचा ऊस वाळणार. एका फडाचं एकच पीक असलं म्हणजे सगळ्यांना एकाच दिवशी सारखंच पाणी लागतं. मग हिशेब सोपा: चारीच्या तोंडापासून सुरू करायचं आणि एकेक वावर भरत शेवटापर्यंत जायचं. कोणाचं किती लिटर, हे मोजायची गरज उरत नाही. ज्या गावाकडे पाणी मोजायचं यंत्र नव्हतं त्या गावाने पीक सारखं करून पाणी सारखं केलं. हट्टाच्या पोटात अशी अक्कल असेल तर हट्टाला मान द्यावा लागतो.

आबांचा दुसरा गुण मला सगळ्यांत मोठा वाटतो. ते कोणालाही पाटाच्या तोंडाशी कायमचं बसू देत नाहीत. कुठल्याही कालव्यावर मुखाजवळचा शेतकरी गुबगुबीत होतो आणि शेपटाचा शेतकरी वर्षानुवर्षं अर्ज लिहीत बसतो. हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही धरणाखाली बघता येतं. आबांनी हा रोग मुळातच होऊ दिला नाही. बहुतेकांची जमीन एका जागी न ठेवता फडाफडांत वाटलेली. लांब, अरुंद पट्टे. एक पट्टा ह्या फडात, एक त्या फडात, एक पाटाच्या तोंडाशी, एक शेवटी. पाटलाचं वावर जसं शेवटच्या फडात आहे तसं साध्या कुणब्याचं पहिल्यातही आहे. त्यामुळे शेवटच्या फडाला पाणी पोचलं नाही तर गावातला प्रत्येक माणूस ओरडतो, कारण प्रत्येकाचं काहीतरी तिथे वाळत असतं.

ह्या मांडणीची किंमत कळते ती दुष्काळात. पाऊस कमी झाला, नदी बारीक झाली की पंच बसतात आणि आबा पोट आवळून घेतात. ह्या वर्षी चार फड भिजणार नाहीत, दोनच भिजतील. दोन कोरडे. पण कोरड्या फडातही सगळ्यांचे पट्टे असतात आणि ओल्या फडातही. नुकसान जमिनीच्या प्रमाणात गावभर पसरतं. एकाचा मळा हिरवा आणि त्याच्याच बांधापलीकडे दुसऱ्याचा सगळा संसार उन्हात, असं होत नाही. दुष्काळ वाटून घेणं हे पाणी वाटून घेण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि आबांनी ते कुठलाही आयोग नेमल्याशिवाय केलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर आहे तो ह्या एका गोष्टीसाठी.

आबांचा दरबार छोटा, पण मानपान भारी. वर पंच. त्यांच्या हाताखाली हवालदार, पाटकरी, बारेकरी आणि जागल्या. पाटकऱ्याचं राज्य पाटावर. कुठल्या चारीत पाणी सोडायचं, कुठल्या चारीचं तोंड माती-गवताने बुजवायचं, हे तो बघतो. बारेकरी प्रत्यक्ष वावरात पाणी भरतो. जागल्या पिकाला आणि पाटाला राखतो: गुरं शिरली, कोणी रात्री गुपचूप चारी फोडली, खेकड्याने पाटाच्या काठाला भोक पाडलं, तर सगळ्यांत आधी त्याला कळतं. हवालदार ह्या सगळ्यांवर लक्ष ठेवतो. पूर्वी ह्यांचा मेहनताना पैशात नसे. पीक निघालं की खळ्यावरच त्यांचा धान्याचा वाटा निघे. त्यामुळे पीक बुडालं तर पाटकऱ्याचाही घास बुडाला. पगाराच्या तारखेवर डोळा ठेवणारा आणि कणसात दाणा भरतोय का यावर डोळा ठेवणारा, ह्या दोन नोकरांत आबांनी दुसरा निवडला.

पाणी वावराचा मालक भरत नाही, बारेकरी भरतो. ही व्यवस्था आबांच्या धूर्तपणाची साक्ष आहे. मालकाच्या हातात फावडं दिलं की त्याचा जीव स्वतःच्या सरीत अडकतो; आणखी घटकाभर राहू दे, कोपरा अजून भिजला नाही, असं करत शेजाऱ्याची पाळी सरकते. बारेकऱ्याला सगळी वावरं सारखी. भरलं की पुढे. आणि मालकाला थंडीच्या मध्यरात्री कंदील घेऊन बांधावर उभं राहावं लागत नाही. आज खानदेशात शेतीला वीज रात्री येते म्हणून बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून पंप सुरू करायला जाणारा शेतकरी पाहिला की आबांची ही सोय फार आठवते. त्यांच्या राज्यात मालक सकाळी उठून फक्त विचारायचा, “पानी उनं का?” आणि बारेकरी त्याला कुठल्या वावरापर्यंत आलं ते सांगायचा.

आबांचा राग वर्षातून एकदाच बाहेर पडतो, पण तेव्हा कोणाला सोडत नाही. पाटाची साफसफाई आणि बंधाऱ्याची डागडुजी हा गावकीचा कार्यक्रम. पुराने आणलेला गाळ उपसायचा, झुडपं तोडायची, फुटलेले काठ भरायचे. ज्याची जमीन जास्त त्याच्या घरून जास्त माणसं. पाहुणे आलेत, बैल आजारी आहे, पाठीत उसण भरली आहे, असली कारणं आबांनी ऐकून ऐकून कान किटवून घेतले आहेत. जो आला नाही त्याने माणूस पाठवावा, माणूस पाठवला नाही त्याने पैसे भरावेत, आणि काहीच केलं नाही तर पाळीच्या वेळी पंच आठवण करून देतात. सरकारी कालव्याला भगदाड पडलं की लोक अभियंत्याची वाट बघतात. फडाच्या पाटाला भगदाड पडलं की लोक घमेली घेऊन धावतात. घमेलं कोणाच्या हातात आहे, यावरून पाट कोणाचा ते ओळखावं.

भावकीत मात्र आबांचं वागणं जरा अवघड. एका नदीवर ते एकटे नसतात. खाली अर्ध्या-एक कोसावर दुसरे आबा आडवे पडलेले, त्यांच्या खाली तिसरे. वरच्याने पाणी वळवलं तरी बंधाऱ्यातून झिरपलेलं आणि बागायतीतून पाझरलेलं पाणी पुन्हा पात्रात उतरतं आणि त्याच्यावर खालच्याचा संसार चालतो. वरच्या आबांना वाटतं आपण उपकार करतोय. खालच्या आबांना वाटतं वरचे घोट जास्त घेतात. उन्हाळ्यात हे बोलणं वाढतं, गावंच्या गावं नदीवर जमतात. घरात समंजस असलेली माणसं भावकीत तेवढीच समंजस राहतात असं नाही, आणि आबाही त्याला अपवाद नाहीत.

त्यांनी वाईट दिवस पाहिले. 1802 मध्ये होळकरांच्या फौजा खानदेश तुडवत गेल्या, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ. गावं ओस पडली. 1818 साली इंग्रज आले तेव्हा कित्येक बंधारे फुटके होते आणि पाटांत झाडं वाढलेली होती. फडाला शत्रूने सुरुंग लावायची गरज नसते. माणसं दोन-तीन वर्षं गाळ काढायला आली नाहीत की तो आपोआप मरतो. काही मेले. काही पुन्हा उभे राहिले, कुठे गावाच्या हिमतीवर, कुठे सरकारच्या मदतीने.

सरकारशी आबांचं नातं थोडं दुखरं आहे. 1879 साली मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा आला आणि पुढे ह्या जुन्या बंधाऱ्यांची नोंद दुसऱ्या वर्गाची कामं म्हणून झाली. पहिला वर्ग सरकारने बांधलेल्या मोठ्या कालव्यांचा. ज्याने शेकडो वर्षं एक पैसा न मागता गावं जगवली त्याला दुसरा वर्ग! आबा तोंडाने काही बोलले नाहीत. पण त्यांच्या वाट्याला एक पाहुणा असा आला की त्यांनी सगळी कसर भरून काढली.

1884 साली पुण्याहून नुकताच अभियंता झालेला, विशीतला एक तरुण मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला आणि धुळ्याकडे आला. साक्री तालुक्यात दातर्ती गावाजवळ पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे पाटाचं पाणी न्यायचं होतं. वरून नेता येत नव्हतं, म्हणून प्रवाहाच्या तळाखालून नळ घालून सायफन करायचं ठरलं. पावसाळा आला, नदीने वाळू आणून खोदलेलं बुजवलं, कामात अडथळे आले, पण त्याने ते पुरं केलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव पुढे कृष्णराजसागर धरणामुळे देशाला माहीत झालं. त्यांची पहिली परीक्षा मात्र आबांच्या अंगणात झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली: जमिनीचा एक ठरलेला तुकडा, त्याला वर्षानुवर्षं पाण्याची हमी, त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकीच्यात हंगामी पिकं, आणि दरवर्षी उसाने जागा बदलायची. ही मांडणी वाचताना खानदेशातल्या कोणाही शेतकऱ्याला चेहरा ओळखीचा वाटतो. आबांना विचाराल तर ते फक्त मिशीतल्या मिशीत हसतील.

कागदाचं आणि आबांचं कधीच जमलं नाही. सरकारी कालव्यावर पाणी हवं तर सात नंबरचा अर्ज भरा, थकबाकी नसल्याचं दाखवा, मंजुरीची वाट बघा, मग शेजपाळीत, म्हणजे पाणी द्यायच्या क्रमात, नाव लागेल. आबांच्या राज्यात अर्ज नाही. तुमचा पट्टा फडात आहे ना? मग तुमची पाळी येणारच, तुम्ही मागा की न मागा. त्यांची घटना पंचांच्या डोक्यात आणि पाटकऱ्याच्या पायांत. ही त्यांची ताकद होती. आणि तोंडी कराराला न्यायालयात कोणी विचारत नाही, म्हणून हीच त्यांची कमजोरीही ठरली.

आबांवर माझं प्रेम आहे, तरी त्यांचे दोष झाकून ओळख करून देणं बरोबर होणार नाही. ज्याची जमीन त्यालाच पाणी, हा त्यांचा नियम पक्का. जो पाट खणायला आला, गाळ उपसायला आला, पण ज्याच्या नावावर वावर नाही, त्याला आबांनी मजुरी दिली, वाटा दिला नाही. ज्याची जमीन मोठी त्याचा वाटा मोठा. बायकांनी ऊस खुरपला, भात लावला, पण पंचांच्या बैठकीत त्यांना जागा नव्हती. ह्याचं उत्तर आबांना सुचलंच नाही. ते सुचलं दूर पुरंदर तालुक्यात, 1972 च्या दुष्काळानंतर. विलासराव साळुंखे यांनी नायगावला 1974 पासून पाणी पंचायत उभी केली आणि पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून माणसाला लावला: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. आबांना ह्यातला शेवटचा नियम झेपला नसता. ऊस ही त्यांची जुनी आवड; गुऱ्हाळाचा वास आला की ते नरम पडतात. पण पहिल्या तीन नियमांपुढे त्यांनी मान खाली घालायला हवी.

आता तब्येत बरी नसते. पांझरेवर पिंपळनेरजवळ लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, अशी धरणं वरच्या अंगाला झाली. नदी आपल्या मर्जीने वाहायची ती आता आवर्तनाने सुटते. ज्या आबांना नदीची चाल तोंडपाठ होती त्यांना आता सुटीच्या दिवशीही खात्याच्या निरोपाची वाट बघावी लागते. धरणांनी पाणी अडवलं म्हणून त्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. गावं वाढली, शहरं वाढली, पिण्याच्या पाण्याची गरज वाढली. पण वाटपाचा हिशेब मांडताना खालच्या फडांना आधी विचारायला हवं होतं. नदीवरचा पहिला हक्कदार त्या बैठकीत नव्हता, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं दुखणं घरातलं. वाटण्या होत गेल्या, अरुंद पट्टे आणखी अरुंद झाले. पाटाच्या पाझरावर काठाकाठाने विहिरी भरल्या, विहिरींवर पंप बसले, आणि ज्याच्याकडे पंप आला त्याला पंचांच्या बैठकीची गरज वाटेनाशी झाली. गंमत अशी की त्याच्या विहिरीत जे पाणी आहे ते बरंचसं आबांच्याच पाटातून झिरपलेलं. बागलाणात डाळिंब आलं, द्राक्षं आली, कांद्याने तर मुलूख व्यापला. कांद्याच्या भावाची लॉटरी लागेल या आशेवर असलेला शेतकरी एका फडात एक पीक ही अट कशी मानेल? त्याला दोष देताना जीभ अडखळते, कारण ऊस आणि भात लावून आजचा संसार चालेल याची हमी आबाही देत नाहीत. त्यात वाळूउपसा. पात्र खोल गेलं की पाटाच्या तोंडापर्यंत चढायला पाणी धजत नाही आणि बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो.

1997 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने देशभरातल्या पारंपरिक पाणी व्यवस्थांवर मोठा ग्रंथ काढला. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण त्याचे संपादक. त्यात आबांना मानाचं पान मिळालं. ग्रंथाचं नाव मात्र ‘डाइंग विजडम’. आबांना हे कोणी वाचून दाखवलं असेल तर ते नक्की रागावले असतील. काही गावांत अजून पंच बसतात, अजून पाटकरी आहे, अजून पाट साफ होतो. पूर्वीचं वैभव नाही, पण जिवंत माणसाच्या घरी हार घेऊन जाणं बरं दिसत नाही.

आणि त्यांना नातवंडंही आहेत. 1991 साली निफाड तालुक्यातल्या ओझरला वाघाड धरणाच्या कालव्यावर शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी तीन पाणी वापर संस्था काढल्या. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने त्यासाठी गावोगाव पायपीट केली. ज्यांच्यापर्यंत पाणीच पोचत नव्हतं त्यांनी कालव्याचं पाणी मोजून घ्यायला आणि आपसांत वाटायला सुरुवात केली, आणि पुढे तर संपूर्ण धरणाची व्यवस्था शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आली. 2005 साली राज्याने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा केला. त्या कायद्यात संचालक मंडळावर कालव्याच्या मुखाचे, मधले आणि शेपटाचे सारखे प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे. प्रत्येक शेतकऱ्याला तिन्ही ठिकाणी वावर देऊन आबांनी जे साधलं ते आता प्रतिनिधी निवडून साधायचं आहे.

आजोबा आणि नातवाचं एका मुद्द्यावर मात्र पटायचं नाही. नातू म्हणतो, तुझ्या वाट्याचं पाणी मोजून घे आणि काय पिकवायचं ते तू ठरव. आबांच्या दृष्टीने हे पाप. मला विचाराल तर पिकाच्या बाबतीत नातवाचं खरं आहे. शेतकऱ्याला पिकाचं स्वातंत्र्य हवंच, आणि आता मोजायची साधनंही आहेत. पण तुटीच्या वर्षी पहिली कात्री कोणाच्या वाट्याला लावायची, हे ठरवताना नातवाने आजोबांच्या पायाशी बसायला हवं. तिथे ते अजून सगळ्यांपेक्षा शहाणे आहेत.

तेव्हा एकदा जाऊन या. साक्री किंवा सटाण्याकडे जाणं होईल तेव्हा थंडीत जा, पाटात पाणी असताना. बंधाऱ्यावर उभं राहून फोटो काढण्यात वेळ घालवू नका. पाटाच्या कडेने चाला, काठाची माती मऊ असते, तेव्हा जपून. चालत चालत शेवटच्या चारीपर्यंत जा आणि शेवटचं वावर भिजलं आहे का ते बघा. भिजलं असेल तर आबा ठीक आहेत असं समजा. वाटेत पाटकरी भेटला तर आधी त्याला रामराम करा, पाटावर मान त्याचा. त्याच्याशी बोलायला बसलात तर दोन तास काढून बसा. आणि बोलताना एवढं सांभाळा, दुसऱ्या वर्गाचा विषय काढू नका.